मंद झाले म्हणजे बाद झाले काय?

एखादी गोष्ट मंद चालू लागली की ती संपली, असा निकाल देण्याची आपल्याला फार घाई असते. बैल रेंगाळू लागला की त्याला बाजार दाखवावयाचा, म्हातारा दमू लागला की त्याची खाट ओसरीवर टाकावयाची, आणि लॅपटॉप रखडू लागला की 'आता नवा घ्या' म्हणून मोकळे व्हावयाचे. बैलाविषयी आणि म्हाताऱ्याविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याहून मोठ्यांचा आहे. मी तिसऱ्याविषयी लिहिणार आहे, आणि तेही त्याच्या एकाच भागाविषयी, म्हणजे ज्यात आपले सारे लिखाण, फोटो आणि खुद्द विंडोज साठवलेले असते त्या एसएसडीविषयी. माझे म्हणणे एवढेच की, मंद झालेली एसएसडी पुष्कळदा बिघडलेली नसतेच. ती भरलेली असते, तापलेली असते, नाहीतर दुसऱ्याच कोणाचे ओझे वाहत असते. आणि हे ओळखणे ही काही विज्ञान शाखेची मिरास नव्हे.

कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मित्रहो, आपल्या वर्गात जरा नजर फिरवा. ज्यांच्याजवळ लॅपटॉप आहे त्यांतील निम्म्याहून अधिक जणांचा तो जुना, कोणीतरी वापरून सोडलेला आहे. माझाही तसाच. घरातील पहिली कॉलेजात गेलेली मुलगी मी, आणि घरातील पहिला संगणकही तोच. त्याच्यावर माझे निबंध होतात, धाकट्या भावाचा अभ्यास होतो आणि शिष्यवृत्तीच्या हंगामात आमच्या गल्लीतील सहा-सात घरांचे अर्ज भरले जातात. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली असता ज्या यंत्राचे चाक गोल गोल फिरत राहते, त्याचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न राहत नाही.

माझे यंत्र असे रखडू लागले तेव्हा मी भावाला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते सुरू केले, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि माझ्याकडे न बघता भावाला सांगितले, "एसएसडी गेली. नवी टाकू. साडेतीन हजार." भाऊ नववीत आहे. मी विचारले, गेली म्हणजे नेमके काय झाले? त्यावर उत्तर आले, "ताई, ते टेक्निकल असतं. तुम्ही कुठल्या साईडला? आर्ट्स ना?" साडेतीन हजार म्हणजे आमच्या घरात किती दिवसांची मजुरी, हा हिशोब येथे मांडत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तो न मांडताही कळेल. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आणला. नवी एसएसडी घेऊ नये असे माझे म्हणणे नव्हते. जुनी का गेली हे सांगितल्यावाचून नवी विकू नये, एवढेच होते.

आता ही वस्तू चालते कशी ते पाहू, कारण त्यावाचून पुढचे सारे बोलणे पोकळ आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि एक बारीक हात त्यांवरून इकडून तिकडे धावतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांत मिळून मावत होते फक्त ५ मेगाबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तीत असतात विजेचा भार धरून ठेवणारे अतिसूक्ष्म कप्पे. जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश स्मृती शोधून काढली. तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा 'नँड' हा प्रकार जगापुढे आला १९८७ साली. हात धावण्याची वाट पाहावी लागत नसल्याने हार्ड डिस्कला जे शोधावयास दहाएक मिलिसेकंद लागतात, ते एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्यात सापडते.

परंतु तिची एक खोड आहे, आणि सारी मेख तेथेच आहे. एसएसडीत लिहावयाचे ते पानापानाने. एक पान काही किलोबाइटचे. मात्र एकदा लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, ते आधी पुसावे लागते. आणि पुसताना एक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा सबंध गठ्ठाच पुसावा लागतो. मग त्या गठ्ठ्यात जी पाने अजून कामाची आहेत त्यांचे काय? ती आधी उचलून दुसरीकडे न्यावयाची, आणि मग गठ्ठा पुसावयाचा. म्हणजे एक पान बदलण्यासाठी कधी कधी पन्नास पाने हलवावी लागतात.

हे मी इंग्रजीत दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा अर्धवट समजले. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, बाजार समितीत हमाली करतात. त्यांना मी माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत सांगू लागले, तर माझे वाक्य पुरे होण्याआधी ते म्हणाले, "अगं, भरल्या गोदामात खालचं एक पोतं काढायचं तर आख्खी थप्पी हलवावी लागती. अन् हलवायला मोकळी जागाच नसंल तर? हमाल बोळात पोती ठेवतो, परत आणतो, परत ठेवतो. मालक म्हणतो हमाल आळशी झालाय." जे समजून घेण्यास मला दोन संध्याकाळी लागल्या ते चौथी शिकलेल्या माणसाने तिन्हीसांजेला हातपाय धुता धुता सांगितले. त्यांच्या त्या गोदामाचा मी या लेखात पुढेही आधार घेणार आहे. पुस्तकातील कोणत्याही आकृतीपेक्षा तो मला अधिक भरवशाचा वाटतो.

तर मोकळी जागा ही एसएसडीची चैन नव्हे, ती तिची कामाची जागा आहे. माझ्या एसएसडीवर २४० गिगाबाइट असे छापलेले होते आणि पडद्यावर दिसत होते २२३. (येथे दुकानदाराने फसवले असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटले असते. पण बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. माल तेवढाच, मापे दोन.) त्या २२३ पैकी शिल्लक होते ९. गोदाम दारापर्यंत भरलेले. सिनेमे, भावाने उतरवून घेतलेले क्रिकेटचे सामने, एकाच नोट्सच्या तीन तीन प्रती आणि व्हॉट्सॲपवरून आलेला, कोणी कधी न उघडलेला ढीग. अशा अवस्थेत मी चार गिगाबाइटच्या एका फाइलची तेथेच प्रत करून पाहिली, तेव्हा वेग घसरत घसरत सेकंदाला २० मेगाबाइटवर आला. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याही पुष्कळ खाली.

भरलेल्या गोदामाची आणखी एक बाजू आहे. आजच्या स्वस्त एसएसडीत एका कप्प्यात तीन किंवा चार बिटे कोंबलेली असतात. तीन बिटे म्हणजे भाराच्या आठ पायऱ्या ओळखाव्या लागतात, चार म्हणजे सोळा. जितक्या पायऱ्या जास्त तितके लिहिणे नाजूक आणि म्हणून संथ. यावर बनवणाऱ्यांनी तोड काढली ती अशी: मोकळ्या जागेचा काही भाग ते एकेका बिटासाठी वापरतात. तेथे लिहिणे झपाट्याने होते. पुढे सवडीने तो माल आतल्या दाट थप्पीत रचला जातो. हा म्हणजे गोदामापुढचा ओटा. ट्रक आला की पोती धडाधड ओट्यावर उतरतात, ट्रकवाला खूश. मात्र गोदाम भरत आले की ओट्यावरही माल ठेवावा लागतो, ओटा आखडतो, आणि मग प्रत्येक पोते ट्रकमधून थेट थप्पीत रचण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता मला खोक्यावरील मजकुराविषयी बोलावयाचे आहे. खोक्यावर छापलेले असते '५५० मेगाबाइट पर्यंत'. हा 'पर्यंत' फार लबाड शब्द आहे. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण तरी तो सोडून देऊ नये. तो वेग मोकळ्या ओट्याचा असतो. ओटा भरल्यावर काय, गोदाम चार पंचमांश भरल्यावर काय, हे खोक्यावर नसते. तेलाच्या डब्यावर निव्वळ वजन छापावे लागते, औषधावर मुदत छापावी लागते. मग ओटा संपल्यानंतरचा वेग छापण्याची सक्ती का नसावी? ज्याच्याजवळ एकदाच खर्च करण्याइतके पैसे आहेत त्या गिऱ्हाइकाला नेमका तोच आकडा हवा असतो.

यावर कोणी म्हणेल की ही शंकेखोरी झाली. त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगते. सॅमसंग कंपनीची '८४० ईव्हीओ' ही एसएसडी २०१३ साली बाजारात आली आणि पुष्कळ खपली. २०१४ मध्ये वापरणाऱ्यांच्या ध्यानात आले की नव्याने लिहिलेली फाइल झटकन उघडते, पण काही आठवड्यांपूर्वी किंवा महिन्यांपूर्वी लिहून ठेवलेली फाइल फार हळू वाचली जाते. वस्तू बिघडलेली नव्हती, फाइली शाबूत होत्या. कप्प्यांतील भार काळानुसार किंचित सरकत होता, आठ पायऱ्यांच्या सीमा पुसट होत होत्या आणि एसएसडीला तेच पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घ्यावी लागत होती. शाईचे अक्षर पुसट झाल्यावर आपण करतो तसेच. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये आतील आज्ञावलीत दुरुस्ती दिली. तरीही तक्रारी आल्या, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये दुसरी दिली. तीत जुना मजकूर अधूनमधून नव्याने लिहून ताजा ठेवण्याची तजवीज होती. ही उणीव उजेडात आली ती सामान्य वापरणाऱ्यांनी आपापल्या टेबलावर वेग मोजून आकडे एकमेकांपुढे ठेवले म्हणून. त्यांनी 'एसएसडी गेली' हे ऐकून घेतले असते तर?

पुसण्याविषयी एक राहिले. आपण फाइल काढून टाकतो तेव्हा विंडोज फक्त वहीतील नोंदीवर काट मारते. हमालाला कोणी सांगितले नाही, तर बाद झालेली पोतीही तो इमानेइतबारे एका थप्पीतून दुसऱ्या थप्पीत वाहत राहील. 'ही पोती बाद' असा पुकारा एसएसडीपर्यंत पोचवणारी जी सोय आहे तिला ट्रिम म्हणतात. विंडोजमध्ये ती २००९ साली, विंडोज ७ बरोबर आली. आज ती मुळातच चालू असते आणि विंडोज आठवड्याला एकदा हा पुकारा नव्याने करते. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' नावाची खिडकी उघडली की शेवटचा पुकारा किती दिवसांपूर्वी झाला ते दिसते. माझ्या लॅपटॉपवर आधीच्या मालकाने, कोणास ठाऊक का, ती वेळापत्रकाची खूण काढून टाकली होती. मी ती पुन्हा लावली. हार्ड डिस्कसाठी पूर्वी जे डीफ्रॅगमेंट करीत ते मात्र वेगळे. एसएसडीला त्याचा उपयोग नाही, उलट नाहक झीज होते.

मोठे कष्ट होते ते माल हलवण्याचे. लॅपटॉपमधून पूर्वी काढलेली जुनी हार्ड डिस्क माळ्यावर पडून होती. तिच्यासाठी दोन-अडीचशे रुपयांचा बाहेरचा डबा आणला आणि सत्तरएक गिगाबाइट तिकडे नेले. सामने जाताना भाऊ रुसला, पण तो प्रश्न तांत्रिक नव्हता. मग खिडकीतून पुकारा करून यंत्र रात्रभर चालू ठेवले, कारण थप्प्या नीट लावण्याचे काम एसएसडी रिकाम्या वेळातच करते. दुसऱ्या दिवशी तीच प्रत पुन्हा केली. वेग दीडशेच्या आसपास सुरू झाला आणि ऐंशीवर येऊन टिकला. तेव्हापासून पाचवा हिस्सा मोकळा ठेवावयाचा असा नियम घरात केला आहे.

तरीही अर्ज भरताना यंत्र अडखळतच होते. येथे मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती या साऱ्यात सर्वांत उपयोगी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या पानावर दोन आकडे पाहावयाचे: ती किती टक्के वेळ कामात गुंतली आहे, आणि सेकंदाला प्रत्यक्षात किती वाहते आहे. माझी शंभर टक्के गुंतलेली होती आणि वाहत होती जेमतेम पाच-सहा मेगाबाइट. आता दुकानदार हेच पाहून 'गेली' म्हणाला असावा. पण शेजारच्या मेमरीच्या पानावर ९४ टक्के होते. माझ्या यंत्रात रॅम ४ गिगाबाइट. ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडली की ती संपते आणि यंत्र उरलेला पसारा एसएसडीवर ठेवू लागते. ओट्यावरचे स्वयंपाकघर लहान, म्हणून प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढउतार. चढणारा दमला म्हणून त्याला बदलून काय साधणार? साडेतीन हजारांची नवी एसएसडी टाकली असती तरी हा त्रास बहुतांशी राहिलाच असता. मी दोन-दोन पाने उघडून काम करते. रॅमची दुसरी जागा आत रिकामी आहे. पुढच्या शिष्यवृत्तीतून ती भरीन.

उष्णतेचे थोडक्यात सांगते. नव्या, पातळ पट्टीसारख्या एनव्हीएमई एसएसडी फार वेगवान, आणि तापतातही लवकर. साधारण ७०-८० अंशांच्या घरात गेल्या की स्वतःला वाचवण्यासाठी त्या आपला वेग आपणच कमी करतात. वसतिगृहात लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम करणाऱ्यांनी तो आधी फळीवर ठेवून पाहावा. तसेच जुन्या यंत्राची साटा जोडणी निम्म्या क्षमतेची असेल, तर ५५० ची एसएसडी तीनशेच्या आतच चालणार. तेथे दोष दाराचा आहे.

खरोखरच मरणारी एसएसडी नसते असे मी म्हणत नाही. आमच्याच वर्गातील एका मैत्रिणीची तशी निघाली. जागा निम्मी मोकळी होती, मेमरी मोकळी होती, तरी एकेक फाइल उघडण्यास मिनिट लागत होते आणि काही उघडतच नव्हत्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे एक मोफत साधन आहे. एसएसडी स्वतःच्या तब्येतीची जी नोंद आत ठेवते ती ते वाचून दाखवते. त्यात तिची तब्येत सरळ 'वाईट' दिसली. अशा वेळी साफसफाई करीत बसावयाचे नाही. जे वाचेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावयाचे. तिचा प्रकल्प वाचला, घरच्या लग्नाचे फोटो गेले. तिने नवी एसएसडी घेतली आणि ते योग्यच झाले. तपासून घेतलेला खर्च आणि घाबरून केलेला खर्च यांत मी फरक करते, तो एवढ्यापुरताच.

आमचे एक सर म्हणाले, एवढ्या खटाटोपात तुझे जे तास गेले त्यांची किंमत साडेतीन हजारांहून कमी आहे काय? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या तासाला भाव आहे त्यांनी जरूर नवी घ्यावी. माझ्या तासाला अद्याप कोणी भाव दिलेला नाही. शिवाय तो वेळ एकदाच गेला. त्यानंतर गल्लीतील दोन लॅपटॉप मी अर्ध्या-अर्ध्या तासात पाहिले. एक भरलेला होता. दुसऱ्यात तर एसएसडी नव्हतीच, एसएसडी म्हणून पैसे घेऊन आत जुनी हार्ड डिस्कच ठेवलेली होती. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ते स्पष्ट लिहिलेले दिसते.

दुकानदारावर माझा राग नाही. सुटा भाग विकला तर त्याला चार पैसे सुटतात, नुसते बघून 'जागा मोकळी करा' म्हटले तर काहीच सुटत नाही. बघण्याचे शंभर रुपये त्याने उघडपणे मागावेत. मी देईन, आणि कारण समजावून सांगितले तर आनंदाने देईन. पण तोवर आपल्यापुरती सोय आपणच केली पाहिजे. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशेजारी संगणक कक्ष आहे. महिन्यातून एक दिवस तेथे कोणीही आपला रखडणारा लॅपटॉप घेऊन यावे, आणि ज्यांना थोडेफार कळते अशा दोघा-तिघांनी तो सर्वांसमक्ष, मराठीत बोलत, उघडून पाहावा. भाषा मंडळाच्या भित्तिपत्रकावर आज कविता असतात तशा एका कोपऱ्यात त्या तीन बटणांची आणि दोन आकड्यांची माहितीही लागावी. प्राध्यापक मंडळींनीही आपापली यंत्रे आणावीत, कारण स्टाफरूममधील संगणकाबद्दलच्या तक्रारी आम्हांला बाहेर ऐकू येतात. गुरुवारी तिसऱ्या तासानंतर कक्ष रिकामा असतो. वेळापत्रक मी पाहून ठेवले आहे.